बिली बॅसेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बिली बॅसेट कोण होता?

विल्यम आयझाया बॅसेट, म्हणजेच बिली बॅसेट, हा वेस्ट ब्रॉमविच अल्बियन या इंग्लिश क्लबकडून १८८६ ते १८९९ या काळात उजव्या बगलेवर, म्हणजे 'आउटसाइड राइट' या जागी, खेळलेला आघाडीपटू होता. त्याचा जन्म २७ जानेवारी १८६९ रोजी वेस्ट ब्रॉमविचमध्येच झाला. बर्मिंगहॅमला खेटून असलेले हे गाव कोळसा, लोखंड आणि कारखान्यांचा धूर यांसाठी प्रसिद्ध असलेल्या 'ब्लॅक कंट्री' या टापूत येते. खुद्द अल्बियन हा क्लबही १८७८ मध्ये तेथील सॉल्टर यांच्या स्प्रिंगा बनवणाऱ्या कारखान्यातील कामगारांनी काढलेला होता.

खेळाडू म्हणून बॅसेटने दोनदा एफए चषक, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनची बाद पद्धतीची स्पर्धा, जिंकला आणि इंग्लंडकडून १६ आंतरराष्ट्रीय सामने खेळले. पुढे १९०५ मध्ये तो त्याच क्लबचा संचालक झाला आणि १९०८ पासून १९३७ मध्ये मृत्यू येईपर्यंत अध्यक्ष राहिला. मैदानावरची त्याची तेरा वर्षे फुटबॉलच्या इतिहासात रस असणाऱ्यांना ठाऊक असतात. अध्यक्षपदाची जवळजवळ तीस वर्षे मात्र बहुधा एका ओळीत उरकली जातात, आणि हा त्याच्यावर अन्याय आहे असे आमचे मत आहे.

तो खेळू लागला तेव्हा फुटबॉल खेळण्याचे पैसे मिळत होते का?

मिळू लागून जेमतेम वर्ष झाले होते. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने व्यावसायिक खेळाडूंना अधिकृत मान्यता दिली ती जुलै १८८५ मध्ये, आणि बॅसेट अल्बियनमध्ये आला तो १८८६ मध्ये. त्याआधी पैसे दिले जात नव्हते असे मुळीच नाही. ते लपवून दिले जात. लँकशरमधील क्लब स्कॉटलंडहून चांगले खेळाडू आणत, त्यांना गावातल्या गिरणीत नावापुरती नोकरी लावून देत आणि सामन्यानंतर हातावर काहीतरी टेकवत. १८८३ मध्ये अ‍ॅक्रिंग्टन क्लबला याच कारणावरून असोसिएशनमधून काढण्यात आले. पुढच्याच वर्षी प्रेस्टन नॉर्थ एंडविरुद्ध तक्रार झाली, तेव्हा क्लबचे सूत्रधार विल्यम सडेल यांनी, आम्ही पैसे देतो आणि इतरही देतात, असे सरळ कबूल करून टाकले. त्यानंतर हा प्रकार झाकून ठेवण्यात अर्थ उरला नाही.

या वादाच्या मुळाशी वर्गभेद होता. खेळाचे नियम बांधले ते बड्या शाळांतून शिकलेल्या मंडळींनी. त्यांना पोटासाठी काम करावे लागत नसल्याने पैसे घेऊन खेळणे त्यांना हलकेपणाचे वाटे. गिरणीत किंवा ओतशाळेत काम करणाऱ्या माणसाला मात्र सामन्यासाठी एक खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी बुडत असे, आणि चषकाच्या सामन्यासाठी दूरगावी जायचे म्हटले तर एका दिवसावर भागत नसे. १८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिंपिक या कामगारांच्या संघाने ओल्ड इटोनियन्स या खानदानी संघाला हरवून एफए चषक उत्तरेकडे नेला, तेव्हाच पारडे कोणत्या बाजूला झुकणार हे दिसून आले होते.

अल्बियनने मान्यता मिळताच, म्हणजे १८८५ मध्येच, व्यावसायिक होण्याचा निर्णय घेतला. सुरुवातीचा पगार आठवड्याला १० शिलिंग होता. २० शिलिंगांचा एक पौंड होत असल्याने ही रक्कम अर्धा पौंड झाली. एवढ्यावर घर चालत नसे, त्यामुळे बहुतेक खेळाडू आपला मूळ धंदाही सांभाळत. आज व्यावसायिक खेळाडू म्हटले की जे चित्र डोळ्यांसमोर येते ते या पिढीला लावून पाहू नये.

'आउटसाइड राइट' म्हणजे नेमके काय, आणि आजच्या विंगरपेक्षा, म्हणजे बगलेवरच्या खेळाडूपेक्षा, ते काम वेगळे होते का?

त्या काळी संघाची मांडणी साधारणपणे एक गोलरक्षक, दोन बॅक (मागचे बचावपटू), तीन हाफ (मधल्या फळीतले) आणि पाच आघाडीपटू अशी असे. पाच आघाडीपटूंपैकी अगदी उजव्या टोकाला, रेषेलगत खेळणारा तो आउटसाइड राइट. त्याच्या आतल्या बाजूचा इनसाइड राइट हा त्याचा जोडीदार. या दोघांची जोडी जमणे हे फार महत्त्वाचे मानले जाई, इतके की वर्तमानपत्रे एकेका खेळाडूपेक्षा 'उजवी बगल' कशी खेळली हेच लिहीत. बॅसेटचा सुरुवातीचा जोडीदार होता जॉर्ज वुडहॉल, आणि १८९१ नंतर आला तो रॉडी मॅक्लाउड हा स्कॉटिश खेळाडू. बॅसेट आणि मॅक्लाउड ही जोडी त्या दशकातल्या उत्तम जोड्यांत गणली गेली.

कामाचे स्वरूप वरवर सोपे वाटते: चेंडू घेऊन रेषेच्या कडेने पळायचे आणि कोपऱ्याजवळून तो गोलासमोर आणून टाकायचा. पण तेव्हाचा ऑफसाइडचा नियम आजच्यापेक्षा कडक होता. पुढे चेंडू मिळवणाऱ्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिपक्षाचे किमान तीन जण असावे लागत, आणि हा नियम १९२५ पर्यंत टिकला. त्यामुळे बचावफळीच्या मागे धावत जाऊन आयता पास घेणे विंगरला सहसा साधत नसे. समोरच्या हाफला आणि त्याच्या मागच्या बॅकला चेंडू पायात ठेवूनच चकवावे लागे. खांद्याने दिलेली धडक हा तेव्हा खेळाचा मान्य भाग होता, बदली खेळाडू उतरवण्याची सोय नव्हती, आणि पेनल्टी किक तर १८९१ पर्यंत अस्तित्वातच नव्हती. चामड्याचा, वर नाडी आवळलेला चेंडू पावसात पाणी पिऊन जड होई. अशा चेंडूचा धावता धावता नेमका क्रॉस मारणे हे खरे कसब होते, आणि बॅसेटचे नाव झाले ते त्याच्या वेगाइतकेच या नेमकेपणासाठी.

त्याची उंची जेमतेम साडेपाच फूट होती. धडकांच्या त्या खेळात ही अडचणच ठरायला हवी होती. प्रत्यक्षात चपळपणामुळे धडक देणाऱ्याला तो सापडतच नसे.

१८८८ च्या अंतिम सामन्याचे एवढे महत्त्व का?

कारण त्या सामन्यात प्रेस्टन हरेल असे जवळपास कोणालाच वाटत नव्हते. सडेल यांनी स्कॉटिश खेळाडूंच्या बळावर उभा केलेला हा संघ त्या मोसमात प्रतिस्पर्ध्यांना अक्षरशः चिरडत आला होता. ऑक्टोबर १८८७ मध्ये त्यांनी चषकाच्या पहिल्या फेरीत हाइड या संघावर २६-० असा विजय मिळवला. एफए चषकातील तो विक्रम आजही मोडलेला नाही. दुसरीकडे अल्बियन १८८६ आणि १८८७ असे लागोपाठ दोन अंतिम सामने हरलेले होते; पहिला ब्लॅकबर्न रोव्हर्सकडून, तोही फेरसामन्यात, आणि दुसरा शेजारच्या अ‍ॅस्टन व्हिलाकडून. तिसऱ्या वर्षीही तोंड पोळून घ्यायला निघालेला संघ, अशीच त्यांच्याबद्दल भावना होती.

अल्बियनचे अकराही खेळाडू इंग्लिश होते, आणि बहुतेक तर पंचक्रोशीतलेच. उपांत्य सामन्यात डर्बी जंक्शनला ३-० असे हरवल्यानंतरची एक हकीकत सांगितली जाते. फुटबॉल असोसिएशनचे अध्यक्ष मेजर मॅरिंडिन हे अल्बियनच्या खोलीत आले, आणि तुम्ही सगळे इंग्लिशच आहात का, असे त्यांनी विचारले. होकार मिळताच त्यांनी सामन्याचा चेंडू संघाच्या हवाली केला आणि अंतिम सामन्यात प्रेस्टनला हरवा असे बोलून दाखवले. बाहेरून आणलेल्या खेळाडूंबद्दल वरच्या वर्तुळात किती खदखद होती, हे यावरून कळते.

अंतिम सामना २४ मार्च १८८८ रोजी लंडनच्या केनिंग्टन ओव्हलवर झाला. आपल्याकडे क्रिकेटमुळे परिचित असलेले ओव्हल ते हेच. सुरुवातीचे बहुतेक एफए चषक अंतिम सामने तेथेच होत. कर्णधार जेम बेलिसने पूर्वार्धात अल्बियनला आघाडी मिळवून दिली. उत्तरार्धाच्या सुरुवातीला फ्रेड ड्यूहर्स्टने बरोबरी साधली, आणि आता प्रेस्टन सुटणार असे वाटू लागले. त्यांनी हल्ले चढवलेही, पण गोलरक्षक बॉब रॉबर्ट्स आणि त्याच्या पुढचे दोघे बॅक हटले नाहीत. सामना संपायला पाव तास उरला असताना बॅसेटने उजव्या बाजूने मुसंडी मारली, चेंडू वुडहॉलकडे आला आणि त्याने तो गोलात धाडला. निकाल २-१. बॅसेट तेव्हा अवघा १९ वर्षांचा होता, आणि संपूर्ण सामन्यात प्रेस्टनच्या डाव्या बचावाला त्याने स्वस्थ बसू दिले नव्हते.

सामन्याआधी प्रेस्टनच्या खेळाडूंनी चषकासोबत फोटो मागितला होता, हे खरे आहे का?

ही गोष्ट या सामन्याबरोबर कायमची जोडली गेली आहे. कपडे चिखलाने माखण्याआधीच चषकासह आमचे छायाचित्र काढावे अशी प्रेस्टनची मागणी होती, आणि सामन्याचे पंच असलेल्या मॅरिंडिन यांनी, आधी तो जिंकलेला बरा नाही का, असे विचारून त्यांना परत पाठवले, असे सांगतात. सांगणाऱ्यागणिक तपशील थोडाफार बदलतो, आणि विजेत्यांच्या बाजूने अशा गोष्टींना तिखटमीठ लागतेच, हेही ध्यानात ठेवावे. प्रेस्टनने त्याचे उट्टे लवकरच काढले. १८८९ च्या उपांत्य सामन्यात त्यांनी अल्बियनला १-० असे हरवले आणि लीग (क्लबांची साखळी स्पर्धा) व चषक दोन्ही एकाच मोसमात पटकावले.

इंग्लंडच्या संघात त्याची निवड कशी झाली?

ओव्हलवरच्या त्या खेळामुळेच. अंतिम सामन्यानंतर आठवड्याभरातच, ३१ मार्च १८८८ रोजी, तो बेलफास्ट येथे आयर्लंडविरुद्ध इंग्लंडकडून उतरला आणि इंग्लंडने सामना ५-१ असा जिंकला. तेव्हा आंतरराष्ट्रीय सामने म्हणजे स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड यांच्याशी वर्षातून एकेकदा होणाऱ्या लढती. त्यामुळे १६ ही संख्या आजच्या मानाने लहान दिसली तरी आठ वर्षे तो त्या जागेचा पहिला मानकरी होता, असाच तिचा अर्थ घ्यावा. कोणाचीही खरी परीक्षा होई ती स्कॉटलंडविरुद्ध. १८८९ मध्ये ओव्हलवर बॅसेटने गोल केला, पण दोन गोलांची आघाडी घेऊनही इंग्लंड २-३ असे हरले. १८९३ मध्ये लंडनजवळच्या रिचमंड येथे ५-२ असा विजय मिळाला तेव्हाही तो उजव्या बगलेवर होता.

त्याचा अखेरचा आंतरराष्ट्रीय सामनाही स्कॉटलंडशीच झाला, ४ एप्रिल १८९६ रोजी ग्लासगोच्या सेल्टिक पार्कवर. इंग्लंड १८९० पासून एकही सामना हरलेले नव्हते. ती मालिका त्या दिवशी १-२ अशा पराभवाने तुटली. इंग्लंडचा एकमेव गोल बॅसेटचा होता. पुढे ती जागा अ‍ॅस्टन व्हिलाच्या चार्ली अ‍ॅथरस्मिथकडे गेली.

फुटबॉल लीगमध्ये अल्बियनची कामगिरी कशी होती?

खरे सांगायचे तर बेताची. १८८८ मध्ये बारा क्लबांनी मिळून लीग सुरू केली, त्यात अल्बियन होते, आणि ८ सप्टेंबर १८८८ या पहिल्याच दिवशी त्यांनी स्टोकला २-० असे हरवले. पुढे मात्र सातत्य राहिले नाही. १८९१ मध्ये ते तळाला गेले. १८९२ मध्येही शेवटच्या काही संघांत होते, आणि चषक जिंकला नसता तर लीगमध्ये राहण्यासाठी त्यांना इतर क्लबांकडे मतांची याचना करावी लागली असती. याच मोसमात एप्रिलमध्ये त्यांनी डार्वेनवर १२-० असा विजयही मिळवला. एका शनिवारी दैवी आणि पुढच्या शनिवारी दीनवाणा असा हा संघ होता, आणि त्यात ज्याच्या खेळाची खात्री देता येई अशा दोन-चार जणांत बॅसेट होता.

१८९२ च्या चषकात त्याचा वाटा किती?

मोठा. उपांत्य फेरीत नॉटिंगहॅम फॉरेस्टशी दोन सामने बरोबरीत सुटले आणि तिसरा अल्बियनने ६-२ असा जिंकला. अंतिम सामना १९ मार्च १८९२ रोजी अ‍ॅस्टन व्हिलाशी होता, आणि १८८७ चा पराभव गावातले लोक विसरले नव्हते. जिंकणार व्हिला असाच सर्वांचा होरा होता. सुरुवातीलाच बॅसेट उजवीकडून निसटला आणि त्या चढाईतून जॅस्पर गेडिसने पहिला गोल केला. सॅमी निकोल्सने दुसरा आणि जॉन रेनॉल्ड्सने तिसरा गोल केला. ३-० अशा पराभवाचा सगळा राग व्हिलाच्या पाठीराख्यांनी गोलरक्षक जिमी वॉर्नरवर काढला. सामन्याला ३२ हजारांहून अधिक प्रेक्षक आले होते. एवढ्या गर्दीला ओव्हल पुरेना, आणि त्यानंतर एफए चषकाचा अंतिम सामना तेथे पुन्हा झाला नाही.

त्याच सुमारास, १८९१ मध्ये, मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला होता. त्यात तेव्हा ब्रिटिश पलटणींचे संघ उतरत, आणि पहिला विजेताही वूस्टरशर रेजिमेंटचा संघ होता.

१८९५ मध्ये काय झाले?

तिसऱ्या पदकाची संधी हुकली. २० एप्रिल १८९५ रोजी क्रिस्टल पॅलेसवर पुन्हा व्हिलाशीच गाठ पडली, आणि प्रेक्षक जागेवर बसतात न बसतात तोच, अर्ध्या मिनिटाच्या आसपास, व्हिलाने गोल केला. बाकीच्या सामन्यात अल्बियनने बरेच प्रयत्न केले, पण निकाल १-० असाच राहिला. हाच चषक त्या सप्टेंबरमध्ये बर्मिंगहॅममधील एका दुकानाच्या काचेतून चोरीला गेला आणि पुन्हा कधीच मिळाला नाही.

अंतिम सामन्यानंतर दोनच दिवसांनी झालेली लढत मात्र फारशी कोणी सांगत नाही. लीगमधील स्थान थेट राखण्यासाठी अल्बियनला शेफील्ड वेन्सडेवर किमान पाच गोलांच्या फरकाने विजय हवा होता. चषक हरून आलेल्या त्या थकलेल्या संघाने ६-० असा विजय मिळवला. निकाल इतका सोयीचा होता की कुजबुज झाल्याशिवाय राहिली नाही.

इतकी मागणी असताना तो दुसऱ्या क्लबात का गेला नाही?

त्याच्यासोबतचे गेले. १८९२ च्या संघातील विली ग्रोव्ह्स आणि जॉन रेनॉल्ड्स हे दोघेही १८९३ मध्ये व्हिलाकडे गेले, आणि ग्रोव्ह्ससाठी व्हिलाने मोजलेले १०० पौंड ही तोवरची सर्वांत मोठी बदली-रक्कम मानली जाते. म्हणजे बाजार उघडा होता आणि गिऱ्हाईक शेजारच्याच गल्लीत होते. बॅसेटने मात्र व्यावसायिक खेळाडू म्हणून दुसरा क्लब पाहिला नाही.

यामागे निष्ठा होतीच, पण सगळे श्रेय तिलाच देऊ नये. १८९३ पासून लीगने खेळाडूंच्या नोंदणीवर क्लबचा ताबा अधिक घट्ट केला होता. मोसम संपला तरी क्लबने सोडल्याशिवाय खेळाडूला लीगमधल्या दुसऱ्या क्लबकडून खेळता येत नसे. शिवाय बॅसेटचे घरदार, नातीगोती आणि पुढच्या धंद्याचे सगळे धागे वेस्ट ब्रॉमविचमध्येच होते. गावात मान होता, आणि निवृत्तीनंतर उपजीविकेसाठी त्या काळी खेळाडूला गावातल्या मानाचाच आधार असे. नावाजलेला खेळाडू दारूचा परवाना घेऊन गुत्ता चालवू लागला की गिऱ्हाइके त्याला पाहायलाच येत. बॅसेटही पुढे त्याच व्यवसायात शिरला.

त्याचे एकूण आकडे काय सांगतात?

अल्बियनकडून ३११ स्पर्धात्मक सामने आणि ७७ गोल, इंग्लंडकडून १६ सामने, एफए चषकाचे तीन अंतिम सामने आणि त्यांत दोन विजय. विंगरच्या बाबतीत गोलांच्या आकड्यांवर फार विसंबू नये. गोलासाठी चेंडू कोणी पुरवला याची नोंद तेव्हा कोणी ठेवत नसे, आणि बॅसेटचे मुख्य काम तर तेच होते. १८९९ च्या एप्रिलमध्ये तो निवृत्त झाला. पुढच्याच वर्षी क्लबने स्टोनी लेनचे मैदान सोडून 'द हॉथॉर्न्स' येथे बिऱ्हाड हलवले. तेथे तो अध्यक्ष म्हणून बसला, पण लीगचा एकही सामना खेळला नाही.

निवृत्तीनंतर क्लबच्या कारभारात तो कसा आला?

क्लब बुडायला आला म्हणून. १९०४ मध्ये अल्बियनची लीगच्या दुसऱ्या, म्हणजे खालच्या, विभागात घसरण झाली आणि नव्या मैदानाचा खर्च अंगावर येऊ लागला. १९०५ मध्ये बँकेने थकबाकीसाठी कायदेशीर कारवाई केली आणि संपूर्ण संचालक मंडळाने राजीनामा दिला. त्या मंडळाचा अध्यक्ष १८८८ चा कर्णधार जेम बेलिस होता, म्हणजे खेळाडूने खुर्चीवर बसणे हे अल्बियनला नवे नव्हते. हॅरी कीज हे अध्यक्ष म्हणून परतले, त्यांच्यासोबत बॅसेट मंडळात आला आणि १९०८ मध्ये स्वतः अध्यक्ष झाला. सचिव होता फ्रेड एव्हरिस, जो १९०२ पासून संघाचा सगळा कारभार पाहत होता. ही जोडी मॅक्लाउडच्या जोडीपेक्षा कितीतरी अधिक काळ टिकली.

खरा कसोटीचा क्षण १९१० मध्ये आला. उन्हाळ्यात सामने नसत, तिकिटाचा पैसा बंद असे, पण खेळाडूंना पगार द्यावाच लागे. त्या वर्षी तिजोरीत खडखडाट होता, तेव्हा बॅसेटने पदरमोड करून खेळाडूंचा उन्हाळ्याचा पगार भागवला. गावातूनही मदत गोळा करण्यात आली. पुढच्याच मोसमात, १९१०-११ मध्ये, संघ दुसऱ्या विभागाचे विजेतेपद मिळवून वर आला. १८८८ च्या चढाईची वर्णने शंभर ठिकाणी सापडतात. आमच्या लेखी हा पगार अधिक मोलाचा आहे, कारण १० शिलिंगांच्या काळात खेळायला लागलेल्या माणसाला उन्हाळ्यात पगार थांबला म्हणजे घरात काय होते हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

अध्यक्ष म्हणून त्याच्या काळात क्लबने काय मिळवले?

अल्बियनच्या इतिहासातील एकमेव लीग विजेतेपद त्याच्याच काळातले आहे. १९१९-२० मध्ये संघाने ६० गुण मिळवले, १०४ गोल केले आणि दुसऱ्या क्रमांकाच्या बर्नलीला नऊ गुणांनी मागे टाकले. कर्णधार जेसी पेनिंग्टन हा होता आणि फ्रेड मॉरिसने एकट्याने ३७ गोल केले. त्याआधी १९१२ मध्ये एफए चषकाचा अंतिम सामना बार्न्सलीकडून फेरसामन्यात हातचा गेला होता.

१९३०-३१ चा मोसम त्याहूनही वेगळा ठरला. तेव्हा दुसऱ्या विभागात असलेल्या अल्बियनने लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर बर्मिंगहॅमला २-१ असे हरवून एफए चषक जिंकला, आणि त्याच मोसमात पहिल्या विभागात बढतीही मिळवली. एकाच वर्षी चषक आणि बढती हा योग इंग्लंडमधील दुसऱ्या कोणत्याही क्लबला आजवर साधलेला नाही. दोन्ही गोल डब्ल्यू. जी. रिचर्डसनचे होते, आणि कर्णधार टॉमी ग्लिडन हा उजव्या बगलेचाच खेळाडू होता. १९३५ मध्ये संघ पुन्हा वेम्ब्लीवर गेला, पण शेफील्ड वेन्सडेकडून २-४ असा हरला.

खेळाडू असताना पगार घेणारा माणूस मालकाच्या बाजूला गेला, यात विसंगती नव्हती का?

होती, आणि ती झाकण्याचे कारण नाही. बॅसेट निवृत्त झाल्यावर, १९०१ पासून, इंग्लंडमध्ये खेळाडूंना आठवड्याला ४ पौंडांहून अधिक पगार देण्यास बंदी आली. ही कमाल मर्यादा आकडे बदलत १९६१ पर्यंत टिकली. तिच्याविरुद्ध बिली मेरेडिथसारख्यांनी १९०७ मध्ये मँचेस्टरला खेळाडूंची संघटना उभी केली. मेरेडिथ हाही उजव्या बगलेचाच खेळाडू. वयाने पाच वर्षांनी लहान, वेल्सचा, कोळशाच्या खाणीतून वर आलेला. दोघांची कारकीर्द शेजारी ठेवली की एकाच व्यवसायाच्या दोन वाटा दिसतात. मेरेडिथ पन्नाशीच्या उंबरठ्यापर्यंत खेळला आणि व्यवस्थेशी भांडत राहिला. बॅसेट तिशीत थांबला आणि व्यवस्थेच्या आत जाऊन बसला. मर्यादेमुळे लहान गावांतील क्लबांना मोठ्या शहरांपुढे टिकता येते, असे मर्यादेचे समर्थक म्हणत. वेस्ट ब्रॉमविचच्या हिशेबवह्या पाहिलेल्या माणसाला ते पटणे स्वाभाविक होते. खेळाडूंच्या दृष्टीने मात्र ती लूटच होती.

मग त्या काळातला सर्वश्रेष्ठ विंगर कोण?

१८९० च्या दशकापुरते बोलायचे तर उजव्या बाजूला बॅसेट, डाव्या बाजूला शेफील्ड वेन्सडेचा फ्रेड स्पिक्स्ली, ज्याने १८९६ च्या अंतिम सामन्यात दोन्ही गोल करून आपल्या क्लबला चषक मिळवून दिला. अ‍ॅथरस्मिथ अधिक वेगवान होता असे मानणारे आहेत. सगळा काळ धरला तर मेरेडिथचे नाव वर ठेवावे लागते, कारण त्याच्याइतका दीर्घकाळ कोणीच टिकले नाही.

त्याचा मृत्यू केव्हा झाला?

एप्रिल १९३७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, अध्यक्षपदावर असतानाच. अल्बियन तेव्हा एफए चषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचले होते आणि सामना अगदी तोंडावर आला होता. १० एप्रिल रोजी लंडनच्या हायबरी मैदानावर, अध्यक्षाच्या निधनाने सुन्न झालेला संघ खेळायला उतरला आणि १-४ असा हरला. प्रतिस्पर्धी प्रेस्टन नॉर्थ एंडच होते.

त्याच्या खेळाची चित्रफीत उपलब्ध आहे का?

त्याचा खेळ दाखवणारी म्हणून एकही चित्रफीत सांगता येत नाही, पण योगायोग असा की, इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉल सामन्याच्या सर्वांत जुन्या उपलब्ध चित्रफितींपैकी एक अल्बियनचीच आहे. सप्टेंबर १८९८ मध्ये ब्लॅकबर्न येथे झालेला रोव्हर्सविरुद्धचा सामना आर्थर चीथम या छायाचित्रकाराने टिपला होता, आणि बॅसेटचा तो अल्बियनमधील अखेरचा मोसम होता. चित्रे धूसर आहेत, कॅमेरा जागचा हलत नाही आणि चेहरे ओळखू येत नाहीत. तरीही मैदानावरची दाटी, रेषेला चिकटून उभे असलेले प्रेक्षक आणि आघाडीपटूंची पाच जणांची रांग पाहायची असेल तर ती जरूर पाहावी. बॅसेटच्या शैलीविषयी जाणून घ्यायचे असेल, तर त्या काळच्या वर्तमानपत्रांतील सामन्यांची वृत्ते अधिक उपयोगी पडतात, कारण त्यांत प्रत्येक चढाई कोणत्या बगलेवरून झाली हे बारकाईने लिहिलेले असते.